भटक्या-विमुक्तांकडे १९६१ चा पुरावा मागणं ही समानता आहे का?

रानवाटा | ३१ ऑगस्ट, रात्री ९:४०

आज विमुक्त दिन. १९५२ साली याच तारखेला गुन्हेगार जमाती कायदा देशपातळीवर रद्द झाला. इंग्रजांनी तो १८७१ ला आणला, १९११ ला वाढवून आपल्या मुंबई इलाख्यालाही लावला, १९२४ ला अजून आवळला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, बेरड अशा कितीतरी जमातींत मूल जन्मलं की ते गुन्हेगार, त्यासाठी काही करायची गरजच नाही. रोजची हजेरी, पास असल्याशिवाय गावाबाहेर पडायचं नाही, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. आता तारखा बघा. संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२, आणि हा कायदा गेला ऑगस्ट १९५२ ला. काही प्रांतांनी आधीच काढला होता हे खरं, पण केंद्राच्या पुस्तकात तो तेव्हाही होता. म्हणजे संविधानाचं समानतेचं कलम १४ लागू होऊन अडीच वर्षं झाली तरी जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा शिल्लक होता.

पण धागा काढायचं कारण इतिहास नाही, आजचं आहे.

मी सुट्टीच्या दिवशी पालांवर जाऊन फॉर्म भरून देण्याचं काम करते. आधार, रेशन कार्ड, मतदार यादी, जातीचा दाखला. सगळ्यात जास्त अडतं ते जातीच्या दाखल्यावर. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक आहे २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे त्या तारखेच्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि तुमची जात ही होती, हे कागदाने दाखवायचं. कागद कुठले? वडील-आजोबा-चुलते यांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जमिनीचा जुना उतारा, नोकरीचं सेवापुस्तक.

आता ज्या माणसाचा आजोबा १९६१ ला गाढवावर बिऱ्हाड टाकून या शिवारातून त्या शिवारात फिरत होता त्याच्याकडे यातलं काय असणार? शाळा नाही, जमीन नाही, घर नाही. जन्म कुठल्या गावच्या हद्दीत झाला हे घरातसुद्धा कुणाला ठाऊक नसतं, नुसतं "ऊसतोडीच्या वक्ताला, नदीच्या अल्याड" एवढंच. कोतवाल कशाला नोंद करेल, ती माणसं त्याच्या गावची नव्हतीच ना. आणि हा फिरतेपणा हेच तर भटक्या जमातीत असण्याचं कारण! ज्या कारणासाठी सवलत आहे त्याच कारणामुळे सवलत मिळत नाही, असा हा फेरा.

मतदानाच्या दिवशी पालावरच्या बाईचं मत आणि जिल्हाधिकाऱ्यांचं मत सारखंच मोजलं जातं, हे मला मनापासून मोठं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी ती सेतू केंद्राच्या खिडकीशी गेली की तिला पहिला प्रश्न येतो "तू इथली कशावरून". माझं म्हणणं एवढंच आहे की हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावरून काढून सरकारने स्वतःच्या अंगावर घ्यावं. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी जरूर लिहा.

कोरडवाहू | ३१ ऑगस्ट, रात्री १०:२५

तळमळ पोचली ताई, पण थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

कागद सगळ्यांनाच शोधावे लागतात. आम्ही ओबीसी, आमची तारीख १३ ऑक्टोबर १९६७. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या वेळी माझ्या चुलत आजोबांचा दाखला शोधायला जी धावपळ झाली ती आमची आम्हाला माहीत, ज्या शाळेत ते शिकले ती शाळा पुरात वाहून गेलेली आणि रजिस्टर दुसऱ्या गावच्या शाळेत गोणीत भरून ठेवलेलं. एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०. तेव्हा कुणालाच सोपं नाहीये.

आणि हे उगाच आलेलं नाही. खोट्या दाखल्यावर मेडिकलच्या सीटा गेल्या, नोकऱ्या गेल्या. १९९४ ला माधुरी पाटील केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून पडताळणी समित्या आल्या. खोटा दाखला घेणारा सगळ्यात आधी खऱ्या भटक्याचंच ताट ओढतो. चाळणी सैल केली तर फायदा कुणाला होईल याचा पण विचार करा. नियम सगळ्यांना एकच असणं हीच समानता ना? एकाला वेगळा नियम लावला की दुसरा विचारणारच.

घण_छिन्नी | ३१ ऑगस्ट, रात्री ११:५०

मी वडार समाजाचा. सरकारी नोकरीत आहे, दाखला मिळालाय, पडताळणी पण झालीय. कसा मिळाला ते सांगतो मग ठरवा नियम एकच आहे का ते.

माझ्या पणज्यापासून सगळे दगड फोडणारे. जिथं काम तिथं झोपडी. पाझर तलाव, रस्त्याची खडी, धरणाची पिचिंग, सगळीकडं आमचे लोक. काम संपलं की झोपडी मोडली, पुढच्या साईटवर. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामाच्या मस्टरवर आजोबाचा अंगठा असंल, आजी पण होती कामावर. पण ते ७२ चं, आमची तारीख ६१ ची! शाळेत पहिला गेला तो माझा बाप, तो पण सातवीपर्यंतच आणि तो ६१ नंतर. त्याच्या दाखल्यावर जात "वडार" अशी नीट लिहिलेली होती म्हणून निभावलं, एक मास्तर चांगला होता त्यानं नीट विचारून लिहिलं होतं. तेवढ्यावर पण भागलं नाही. एका दूरच्या चुलत्याची कुठल्यातरी जुन्या फौजदारी केसमध्ये नोंद निघाली, ६१ च्या आधीची, त्यात जात लिहिलेली. चोरीचा संशय म्हणून धरलं होतं, पुढं सुटला. ती नोंद आमचा पुरावा झाली.

कोरडवाहू दादा, तुमच्या चुलत आजोबांचं रजिस्टर गोणीत का होईना होतं. आमच्या माणसाचं नाव सरकारनं लिहून ठेवलं ते फक्त त्याला धरलं तेव्हा. तुम्हाला त्रास झाला नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही हरवलेला कागद शोधत होता, आम्ही कधी तयारच न झालेला कागद शोधत होतो.

फळा_खडू | १ सप्टेंबर, सकाळी ७:१५

जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. घण_छिन्नी दादांनी मास्तरांचा उल्लेख केला त्यावरून लिहावंसं वाटलं, कारण हा विषय खरंच आमच्या टेबलापासून सुरू होतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे पालावरचं मूल आलं की आम्ही घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण प्रवेश देताना जनरल रजिस्टरमध्ये जातीचा कॉलम भरावा लागतो, आणि तिथे जे लिहिलं जातं ते त्या मुलाच्या आयुष्याला चिकटतं. पालक अंगठा देणारे, त्यांना विचारलं तर कधी कुळाचं नाव सांगतात, कधी धंद्याचं, कधी नुसतं "भराडी", "बहुरूपी" किंवा "आमी फिरस्ती हाव". जुन्या रजिस्टरांत मी "हिंदू भटके" अशी जात लिहिलेली बघितलीय. यादीत अशी जातच नाही! एका मुलाची नोंद होती "हिंदू जोशी". घरचे कुडमुडे जोशी, पहाटे डमरू वाजवत दारोदार फिरणारे, भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पुढे त्या मुलाला खिडकीवर सांगितलं गेलं की जोशी म्हणजे ब्राह्मण, तुला दाखला कसला. ती नोंद दुरुस्त करून घ्यायला त्या पोराचं अकरावीचं वर्ष गेलं.

एकदा रजिस्टरला चुकीचं लिहिलं गेलं की दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि मुलाने शाळा सोडल्यावर तर ते फारच अवघड होतं. म्हणून माझी सगळ्या शिक्षकांना विनंती, पहिलीचा प्रवेश देताना घाई करू नका, शासनाची जातींची यादी जवळ ठेवा, पोटजातीसकट वाचून दाखवा आणि मग लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढ्याने पुढच्या दोन पिढ्यांचा प्रश्न सुटतो, कारण आज लिहिलेलं हेच उद्या त्यांच्या नातवंडांचा पुरावा होणार आहे.

अशिल_मित्र | १ सप्टेंबर, सकाळी ११:०५

वकिली करतो, तालुका कोर्टात. दोन-तीन गोष्टी कायद्याच्या अंगाने सांगतो.

महाराष्ट्राचा जातीच्या दाखल्यांचा कायदा आहे, २००१ चा अधिनियम क्रमांक २३. त्याचं कलम ८ सरळ सांगतं की जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. रानवाटा ताई म्हणतात ते ओझं नेमकं इथे लिहिलेलं आहे. समितीकडे दक्षता पथक असतं, ते घरी जाऊन चौकशी करू शकतं, पण ती अर्जदाराला मदत म्हणून नाही तर त्याच्यावर शंका आल्यावर.

आता याच्या शेजारी निवडणूक आयोगाची पद्धत ठेवा. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचं असेल तर पत्त्याचा कागद लागत नाही. त्याने फॉर्म ६ मध्ये लिहायचं की मी अमुक पुलाखाली, तमुक फूटपाथवर झोपतो. मग बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री तिथे जाऊन बघायचं की हा खरंच इथे झोपतो का, आणि एका रात्रीत नाही दिसला तर पुन्हा जायचं. लेखी सूचना आहेत अशा. मला आपल्या सगळ्या सरकारी नियमांत हा नियम फार आवडतो. नागरिकाकडे कागद नाही म्हणून तो नागरिक नाही असं न धरता सरकारचा माणूस त्याच्यापर्यंत चालत जातो. प्रत्यक्षात किती बीएलओ रात्री जातात हा वेगळा मुद्दा, पण नियम बनवणाऱ्याने विचार योग्य केला. जर मत देण्यासारख्या मोठ्या हक्काला ही पद्धत चालते तर दाखल्याला का चालू नये?

आणि हे जपायला पण लागतं. २०२५ ला बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली तेव्हा ज्यांचं नाव २००३ च्या यादीत नव्हतं त्यांच्याकडे ठरावीक ११ कागदांपैकी काहीतरी मागितलं गेलं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत आधीच्या यादीपेक्षा साधारण ६५ लाख नावं कमी होती. मयत, स्थलांतरित, दुबार अशी कारणं दिली गेली, वाद कोर्टात गेला, आणि ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने आधारही ओळखीसाठी घ्यायला सांगितलं. कोण बरोबर कोण चूक यावर इथे भांडण नको. मी एवढंच दाखवतोय की पुन्हा एक तारीख आली आणि पुन्हा ओझं माणसाकडे सरकलं, आणि अशा वेळी सगळ्यात आधी कोण गळतं तर जो हंगामाला गाव सोडतो तो.

शेवटचा मुद्दा घण_छिन्नी यांच्या पोस्टवरून. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जिल्हा मॅजिस्ट्रेटला जमातीच्या माणसांचं रजिस्टर ठेवावं लागायचं. नाव, ठिकाण, बोटांचे ठसे. ती रजिस्टरं आणि सेटलमेंटची दप्तरं जिथे जिथे अभिलेखागारात शिल्लक असतील तिथून सरकारनेच काढावीत, स्कॅन करावीत आणि अर्जदाराने न मागताही पुरावा म्हणून धरावीत. ज्या राज्यव्यवस्थेने यांच्या आजोबांची नावं मोजून लिहिली तिने नातवाला "तू कोण" विचारणं मला पटत नाही.

कोरडवाहू | १ सप्टेंबर, दुपारी १:३०

घण_छिन्नी दादा, हरवलेला कागद आणि कधी तयारच न झालेला कागद, हा फरक मान्य. तो मी लक्षात घेतला नव्हता.

तरी खोट्या दाखल्याची भीती माझी जात नाही. समजा पुराव्याची अट काढली आणि फक्त चौकशीवर दाखला दिला. चौकशी कोण करणार? तलाठी आणि दोन पंच. पंच कोण? गावातले. पैसेवाला माणूस पंच आणि तलाठी दोन्ही सांभाळतो, पालावरचा सांभाळू शकत नाही. मग सैल चाळणीतून तोच आधी पडेल. याला उत्तर द्या, मी विरोधासाठी विरोध करत नाहीये.

तुरीचं_शेत | १ सप्टेंबर, दुपारी २:१०

कुणबी नोंदी शोधायला २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली ना सरकारने. निजामकालीन कागद, मोडी लिपीतले कागद, हैदराबादपर्यंत माणसं पाठवली. तेव्हा तर कुणी म्हटलं नाही की ज्याचं त्याने शोधा. जिथे मोर्चे लाखांचे तिथे सरकार दप्तर घेऊन येतं. भटक्यांचा मोर्चा किती मोठा होणार, अर्धे ऊसतोडीला आणि अर्धे वीटभट्टीवर.

संपादक_मंडळ | १ सप्टेंबर, दुपारी ३:००

मराठा-ओबीसी आरक्षणावर स्वतंत्र धागा चालू आहे, ती चर्चा तिकडे करा. सरकार स्वतः नोंदी शोधू शकतं इतका मुद्दा या धाग्याला धरून आहे म्हणून वरची पोस्ट ठेवली आहे. त्यावरची उत्तरं-प्रत्युत्तरं काढली आहेत.

माळावरची | १ सप्टेंबर, रात्री ८:४५

दाखल्यापलीकडचं थोडं लिहिते. मी भटक्या समाजातल्या बायकांबरोबर काम करते, स्वतःही त्याच समाजातली.

१ जुलै २०१८ आठवतो का कुणाला? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती आणि बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारी. अनोळखी गावात आमचा माणूस दिसला की आधी संशय येतो, हे १८७१ चंच आहे, कायदा गेला पण नजर गेली नाही. आमच्या कितीतरी भावांनी त्यानंतर फिरणं सोडलं. फिरणं सोडलं म्हणजे पोट सोडलं.

आणि कायदाही पुरता गेला नाही. गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला त्याच्या मागोमाग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. त्याच साली भिक्षा प्रतिबंधक कायदा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली सांगितलं की सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा, २००७ ला संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीनेही तेच सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातिभेदाच्या केसमध्ये जेल मॅन्युअलमधल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, त्यात विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजून वेगळं वागवणाऱ्या तरतुदी पण होत्या. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. त्या निकालाची मराठी प्रत मी वस्तीवर वाचून दाखवली तेव्हा बायका मधेच म्हणाल्या, हे पोलीस ठाण्यात पण वाचून दाखवा.

आता बायकांचं. आमच्या कितीतरी समाजांत जातपंचायत अजून चालते. दुसऱ्या जातीत लग्न केलं, नवरा सोडला, पंचांचं ऐकलं नाही, की दंड आणि वाळीत टाकणं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, २०१६ चा कायदा, २०१७ च्या जुलैपासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण त्या कायद्याची दारं पोलीस ठाण्यातून उघडतात. ज्या ठाण्यात तिच्या भावाला परवा नुसत्या संशयावरून बसवून ठेवलं होतं, त्या ठाण्यात ती बाई स्वतःच्या पंचांविरुद्ध तक्रार घेऊन कशी जाईल? गेली तर समाज म्हणतो तू आपल्या माणसांना पोलिसांच्या हवाली केलंस. समान हक्काची गोष्ट करताना हे पण धरा, की बाहेरून दबलेल्या समाजातली बाई आतून पण दबलेली असते आणि दोन्हीकडून सुटायला तिला एकच दार आहे, जे तिला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं.

अजून एक, याच्यावर कुणी बोलत नाही. मेल्यावर. आमच्यात पुरतात. गावाची स्मशानभूमी जाळणाऱ्यांची, दफनभूमी दुसऱ्या धर्माची, गायरानात खड्डा खणला तर सरपंच येतो. माणूस गेलेला, घरात रडणं चालू, आणि पुरुष मंडळी जागा विचारत फिरतायत. रेशन कार्ड एक वेळ मिळेल.

फळा_खडू | १ सप्टेंबर, रात्री ९:२०

माळावरची ताई, शेवटचा परिच्छेद वाचून काही सुचेना. आमच्या गावच्या ग्रामसभेत दफनभूमीचा विषय मांडायला मी तयार आहे. ठराव कसा लिहायचा ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_आप्पा | २ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मी तलाठी होतो, आता निवृत्त. कोरडवाहू यांनी पंचांबद्दल विचारलंय ते बरोबर आहे म्हणून अनुभवावरून सांगतो.

महसूल खात्याच्या महाराजस्व अभियानात वस्तीवर शिबिरं घेतली तेव्हा आम्ही असं केलं की पंच फक्त गावातले घेतले नाहीत. त्याच समाजातले पण वेगळ्या तालुक्यातले दोन वयस्कर घेतले, एक ग्रामसेवक, एक शिक्षक, आणि प्रांतसाहेब स्वतः. त्या माणसाला विचारायचं कुलदैवत कोणतं, लग्न कुणाकुणात होतात, आडनावं कोणती, यात्रेला कुठं जमता, आतली बोली बोलून दाखव. मढीच्या यात्रेला कोणत्या समाजाची राहुटी कुठं पडते हे म्हातारी माणसं डोळे झाकून सांगतात. खोटा माणूस पाच मिनिटांत अडकतो. पैसेवाला माणूस जुना कागद पैदा करू शकतो, तो मी माझ्या नोकरीत बघितलाय, शाई वेगळी आणि मधेच घुसवलेली ओळ. पण पारुशी, म्हणजे त्यांची आतली भाषा, कशी बोलणार? आता शिक्षण झालेल्या मुलांना ती भाषा येत नाही असंही होतं, तिथं त्यांच्या आज्यांना विचारावं. म्हणजे चौकशी ही सैल चाळणी आहे हे खरं नाही, नीट केली तर कागदापेक्षा बारीक आहे. पण त्याला वेळ लागतो, माणूस लागतो, आणि वस्तीवर जाऊन बसावं लागतं. तलाठ्याकडे चार चार गावं, वर पीक पंचनामे, ई-पीक पाहणी, निवडणूक. आळशी तलाठी असतात, नाही म्हणत नाही, पण माणसंच कमी आहेत हेही लिहा.

एकाच जातीचं जिल्ह्यागणिक वेगळं असतं तेही लोकांना माहीत नसतं. कैकाडी विदर्भाच्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि आमच्याकडं विमुक्त जातीत. सोयरीक दोन्हीकडं. भाऊ इथं, बहीण तिथं, दोघांचे हक्क वेगळे. बंजारा तेलंगणात एसटी, कर्नाटकात एससी, इथं विमुक्त जाती. पारध्यांचं तर अजून अवघड, फासेपारधी एसटीत म्हणून १९५० चा पुरावा, राजपारधी विमुक्त म्हणून १९६१ चा. एका पालातले दोन सख्खे शेजारी.

कोरडवाहू | २ सप्टेंबर, सकाळी ९:१०

आप्पा, हे मला माहीत नव्हतं. असं असेल तर चौकशीची पद्धत नियमात सक्तीची करावी याला माझा पाठिंबा. फक्त पंचांची नावं आणि पंचनामा वेबसाइटवर टाकावा, म्हणजे कुणालाही बघता येईल. मानीव दिनांक सगळ्यांचाच काढावा का याबद्दल मात्र माझं मत अजून तुमच्यापेक्षा वेगळं आहे, परराज्यातून काल आलेला आणि इथला यात फरक करायला काहीतरी रेघ लागेलच.

घण_छिन्नी | २ सप्टेंबर, सकाळी ११:४०

रेघ असू द्या की दादा. रेघेच्या अलीकडचा आहे हे शोधायचं काम सरकारचं, एवढंच मागणं आहे.

जनगणनेचं पण बोला कुणीतरी. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे आणि या वेळी जात मोजणार आहेत. भटक्या-विमुक्तांसाठी वेगळा कॉलम पाहिजे ही मागणी चालू आहे. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेले २००८ ला रेणके आयोग, नंतर इदाते आयोग, दोघांनी रिपोर्ट दिले, पण आम्ही देशात किती हेच आजवर कुणी पक्कं मोजलं नाही. आणि मोजायला येणार फेब्रुवारीत, तेव्हा आमची निम्मी माणसं ऊसाच्या फडात, कारखान्याच्या कोप्यांवर. गणना करणाऱ्या मास्तर लोकांनी कोप्यांवर जावं, वीटभट्टीवर जावं, पुलाखाली जावं. फळा_खडू ताई तुम्हालाच ड्युटी लागंल बहुतेक, सांगून ठेवतो.

फळा_खडू | २ सप्टेंबर, दुपारी १२:३०

लागली तर नक्की जाईन दादा. आमच्या केंद्रातल्या बाकीच्या शिक्षकांनाही सांगते.

सई_नगरकर | २ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१५

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत वैदू समाजाची काही घरं आहेत, एक मुलगी दहावीला ७८ टक्के घेऊन पास झालीय, नर्सिंगला जायचंय. तिचा दाखल्याचा अर्ज "पुरावा अपूर्ण" म्हणून परत आला. आईवडील म्हणतात सोडून द्या. मी काय करू शकते? कुणी नीट सांगेल का, मला यातलं काहीच माहीत नाही.

अशिल_मित्र | २ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

सोडू देऊ नका. आधी नकार लेखी आहे का बघा. तोंडी सांगून परत पाठवलं असेल तर अर्ज पुन्हा ऑनलाइन भरा आणि पोचपावती ठेवा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत दाखला किंवा कारण लिहिलेला नकार द्यावाच लागतो. लेखी नकार हातात आला की जात दाखला कायद्याखाली ३० दिवसांत अपील करता येतं. ही ३० दिवसांची मुदत बहुतेकांची निघून जाते, तुम्ही आजच तारीख बघा.

रानवाटा | २ सप्टेंबर, रात्री १०:२०

सई, बरं झालं लिहिलंस. अपिलाची तयारी चालू असताना बाकीचं पण करून ठेव. तिच्या वडिलांचे, चुलत्यांचे, आत्याचे, चुलत आजोबांचे, वडिलांकडच्या कुणाही रक्ताच्या नातेवाइकाचे शाळेचे दाखले विचार, आणि घरात कुणाला आधीच पडताळणी झालेला दाखला मिळालाय का ते सगळ्यात आधी विचार. बापाकडच्या सख्ख्या किंवा चुलत नात्यात एक जरी वैधता प्रमाणपत्र असलं तर काम खूप सोपं होतं. वंशावळ स्टॅम्प पेपरवर लिहून घे. आईकडच्यांचे कागद शोधण्यात वेळ घालवू नकोस, ते धरत नाहीत (हा अजून एक अन्याय, त्यावर कधीतरी वेगळा धागा काढू). वैदू लोक यात्रेला जमतात तिथे जुनी माणसं भेटतात, त्यांच्याकडून आडनावं आणि गावांची नावं लिहून घे, मग त्या गावांच्या शाळेत जाऊन जुनी रजिस्टरं बघता येतात.

प्रांत कार्यालयाला एक साधा अर्ज दे की कुटुंब भटकं असल्यामुळे कागद नाहीत, वस्तीवर येऊन स्थानिक चौकशी करावी. अर्जाचा नमुना मी व्यनि करते. आप्पा, तुमच्या शिबिरातला पंचनाम्याचा मसुदा असेल तर कृपया इथे टाका, नावं झाकून. आणि सई, नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची तारीख काय आहे ते कळव, प्रवेशाच्या वेळी पडताळणीचा अर्ज केल्याची पोचपावती चालते का ते त्या कॉलेजला फोन करून विचारू. शनिवारी मला सुट्टी आहे, मी येऊ शकते.